एका टॅगवर दोघं

समजा, तुमच्यासमोर चारशे ओळींचा पॅच आहे. पॅच म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, करायचा बदल. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, ज्या मेमरीत चित्रं ठेवतो, ती आता बाहेरच्या साध्या प्रोग्रॅमलाही थेट वापरता येणार आहे. तुम्ही फक्त पॅच वाचायचा आणि शेवटी एक ओळ लिहायची : 'मी तपासलं.' खाली नाव. तुमच्या आधी पाच जणांनी 'छान दिसतंय' असं लिहून टाकलंय, तेही नऊ मिनिटांत. चारशे ओळी नऊ मिनिटांत वाचणारी माणसं आपल्या टीममध्ये आहेत याचा अभिमान बाळगा, आणि करा सही.

रिसालीच्या मोनाली रामटेकेला हे जमत नव्हतं. सकाळपासून ती घरी लॅपटॉपसमोर बसून तोच पॅच वाचत होती. प्रोबेशन संपायला दहा दिवस होते. अशा दिवसांत शहाणी मुलगी वाचत बसत नाही.

दुपारी पुण्याहून टीमच्या प्रमुख गीतांजली मॅडमचा फोन आला.

"मोनाली, तुझी एक ओळ अडलीय. पाचला रिलीज आहे."

"वाचतेय मॅडम."

"अगं, निखिलचा पॅच आहे. सातवी आवृत्ती. टेस्टही पास आहे."

"टेस्ट त्यानेच लिहिलीय ना?"

"मग काय शेजाऱ्यांनी लिहायची? हे बघ, कन्फर्मेशनच्या फॉर्मवर 'टीमशी जुळवून घेते' असा एक रकाना असतो. तो मलाच भरायचाय."

मॅडमना धमकी देणं आवडत नसे. त्या फक्त रकाने सांगत.

पलंगावर बसून वालाच्या शेंगा सोलणारे बाबा हे ऐकत होते. प्रेमानंद रामटेके, कुम्हारीकडच्या एका रोलिंग मिलचे निवृत्त इलेक्ट्रिशियन.

"काय करून राहिली वं? कावून एवढी दाबते ते बाई तुले?"

मोनालीने सोपं करून सांगितलं. मेमरी वापरणारा आला की ड्रायव्हर आकडा एकने वाढवतो, गेला की कमी करतो. शून्य झाला की मेमरी मोकळी करून दुसऱ्याला देतो.

"म्हणजे आमचा टॅगबोर्ड," बाबा म्हणाले. "मशीनमधी उतराच्या आधी जो तो आपला टॅग लावे. बोर्ड खाली झाला, एकही टॅग नाही राह्यला, की मी करंट देवो. मंग भानगड कोठी हाये?"

"प्रोग्रॅम मधेच आपली दुसरी प्रत काढतो ना बाबा. मग दोघंही तीच मेमरी वापरतात. पण प्रतीसाठी आकडा वाढवलेला मला दिसत नाहीये. ती गेल्यावर कमी मात्र होतो."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"केवलराम," ते म्हणाले.

"कोण?"

"ठेकेदाराचा फिटर. आमच्या लहानू फिटरच्या टॅगवरच उतरला. म्हणे, दोघंच तर हाओ, दुसरा टॅग कायले? त्याचं काम पह्यले झालं. वर आला अन् जाता जाता टॅग काढून गेला. लहानू अंदरच. बोर्ड खाली. सुपरवायझर बोंबलून राहिला, रामटेके, चालू कर, चालू कर!"

"मग?"

"लहानू वर आलेला काही दिसला नोता. म्या खाली जाऊन आवाज देल्ला. रोलरच्या खालून लहानू म्हणे, बिडी पाठव."

"बापरे! मग तुमचं कौतुक झालं असेल."

"झालं ना. अर्धा घंटा प्रॉडक्शन अडवलं म्हणून मेमो भेटला. अलमारीत हाये, पाह्यजे तं दाखवतो."

मोनालीला मेमो बघायची गरज नव्हती. तिने वीस ओळींची टेस्ट लिहिली. प्रोग्रॅमने मेमरी घेतली, प्रत काढली, प्रत निघून गेली. मूळ प्रोग्रॅम आत लिहीतच राहिला. आकडा शून्य. ड्रायव्हरने तीच मेमरी दुसऱ्याला देऊन टाकली होती, आणि आता दोघं एकाच जागी मनसोक्त लिहीत होते. मशीन बंद पडलं नाही, साधी तक्रारही केली नाही. टीमशी इतकं जुळवून घेणारं मशीन तिने पाहिलं नव्हतं.

साडेचारला तिने टेस्ट सगळ्यांना पाठवली. निखिलचं उत्तर लगेच आलं : "असं प्रत्यक्षात कोण करतं?"

"आपलाच रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम करतो," तिने लिहिलं. "दर वेळी."

मॅडमचा फोन आला. "दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करू. आज नाव दे."

"नाही मॅडम. आत माणूस आहे."

"काय?"

"काही नाही. नाव नाही देत."

मॅडमनी फोन ठेवला. रकाना बहुतेक तेव्हाच भरला गेला.

"आला का मेमो?" बाबांनी विचारलं.

"येईल."

"आला तं फाइलीत लाव. माह्या खाली."

पाचला रिलीज झालं नाही. पॅचखाली मोनालीने लिहिलेला प्रश्न अजून तसाच आहे. 'छान दिसतंय'वाल्या पाचही जणांनी त्याला पसंतीचा अंगठा दाखवलाय, उत्तर कोणी दिलेलं नाही. तिला मात्र ते खरंच हवंय : प्रोग्रॅमची प्रत आत उतरते, तेव्हा तिचा टॅग कोण लावतं, ती ओळ कुठे आहे?