आईनं वाचलेलं पान

आई वऱ्हाडातून पहिल्यांदा पुण्याला आली, तेव्हा मी दोन मैत्रिणींबरोबर धायरीत राहत होते आणि एका लहानशा आयटी कंपनीत नवीन लागले होते. एका हॉस्पिटलच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं. नातेवाइकांसाठीच्या सूचना मराठीत द्यायच्या होत्या. मी त्या टाइप केल्या. पण ब्राउझरमध्ये पान उघडलं की मराठीऐवजी टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांच्या रांगा दिसायच्या.

तीन दिवस मी फॉन्ट बदलत बसले. शेवटी आमच्या टीमच्या मॅडमना दाखवलं.

"तीन दिवस फॉन्टला शिक्षा केलीत," त्या म्हणाल्या. "त्याचा गुन्हा काय?"

मग शेजारी बसून त्यांनी समजावलं. पानाच्या आधी सर्व्हर ब्राउझरला काही ओळी पाठवतो, त्या म्हणजे हेडर. पुढची अक्षरं कशी वाचायची, हे तिथंच सांगितलेलं असतं आणि आमचा सर्व्हर ते चुकीचं सांगत होता. योग्य हेडर देणारी ओळ मी लिहिली, पण घाईत मजकुराच्या खाली. ती ओळ येईतो पान ब्राउझरकडे निघून गेलेलं असायचं. ती ओळ अगदी वर नेली आणि पडद्यावर स्वच्छ मराठी आली.

त्या रविवारी मी आईला ऑफिसात नेलं. बाबा आजारी असताना हॉस्पिटलमधली चिठ्ठी वाचता न आल्यानं ती दिवसभर भलत्याच वॉर्डाबाहेर बसून राहिली होती. त्यानंतर ती गावच्या बुद्धविहारातल्या वर्गात जाऊन, पन्नाशीला टेकल्यावर, वाचायला शिकली.

मी पान उघडलं. पडद्याला बोट न लावता, बोट हवेत धरून ती एकेक शब्द जुळवू लागली. "रुग्णाजवळ... एकाच... नातेवाइकानं..."

तेवढ्यात मॅडम काही कागद न्यायला आल्या. मी गडबडून उठले. त्यांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं आणि दाराशीच थांबल्या.

आईनं पान संपवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ज्याले वाचता येत नाही, त्याले कोन सांगन?"

सोमवारी मॅडमनी हॉस्पिटलला फोन करून तिचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पुढं तिथं दारापाशी माहिती सांगायला एक बाई बसू लागल्या. पण त्या रविवारी मॅडम फक्त खुर्ची ओढून आईशेजारी बसल्या.

"अजून एक पान आहे, आई," त्या म्हणाल्या. "सावकाश वाचा. आम्हाला घाई नाही."