जाळीच्या मागची जागा

सगळे त्यांना वेतवाले काका म्हणत. खुर्चीच्या पायांवर नुसती नजर टाकून ते तिचं वय सांगत आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. गोल, गुबगुबीत, नक्षीचे पाय असले की आजोबांच्या पिढीची. सरळ किडकिडीत असले की बापाच्या. पाय न दिसता नुसता फोमचा डोंगर दिसला, की म्हणत, "हिचं नुसतं पोट सुटलंय."

बायको गेल्यापासून मात्र काकांनी मोठं काम घेतलं नव्हतं. खुर्चीची बैठक एकट्याला विणता येते. लांब बाकाच्या पाठीला दोन माणसं लागतात. पुढच्याने भोकातून वेताची पट्टी सारायची, मागच्याने ती ओढून परत पाठवायची. एकतीस वर्षं काका पुढे आणि बायको मागे.

एक दिवस जुन्या सामानाच्या दुकानदाराने शिसवी बाक आणून टाकला. सहा फूट लांब, कडेने द्राक्षांचे वेल कोरलेले, मधली जाळी पार फाटलेली.

"तुम्ही नाही म्हणालात तर कापड ठोकून देतो," तो म्हणाला. "दुसरा माणूस उरलाय कुठे?"

काकांच्या अगदी जिवावर आलं. पण कापड ठोकू देणंही जमेना. हे एकट्याने झालं तर ठीक, नाहीतर काम कायमचं सोडायचं, असं ठरवून त्यांनी बाक ठेवून घेतला.

पट्टी सारायची, उठायचं, वळसा घालून मागच्या स्टुलावर बसायचं, ओढायची, परत सारायची, परत उठायचं. गुडघ्यांनी बोंब मारली. कधी कधी पट्टी सारून काका सवयीने तसेच बसून राहत, पलीकडून कुणी ओढेल म्हणून. मग स्वतःवरच चिडून उठत.

नवव्या दिवशी दुपारी शेवटच्या चार ओळी राहिल्या. जमलं की आपल्याला, असं वाटून काका कितीतरी दिवसांनी खूश झाले. एक गाठ सुटली होती म्हणून मागे जरा जास्त वेळ बसले, तर समोरच्या खिडकीतलं ऊन जाळीतून थेट डोळ्यांत घुसलं. भोक दिसेना. डोळे बारीक झाले, तोंड वाकडं झालं. स्टूल इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, ऊन काही सोडेना.

काका नेहमी खिडकीकडे पाठ करून बसत आले होते.

"दुपार झाली की तोंड वाकडं! एवढा कंटाळा येतो कामाचा?" ते रोज मागे बसलेल्या बायकोला चिडवत. आल्यागेल्यालाही हसून सांगत. ती म्हणे, "माझं तोंडच तसं आहे हो," आणि डोळे पुसून पट्टी परत पाठवी.

"एकदा तरी बोलायचंस गं!" काका रिकाम्या खोलीत ओरडले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विचारायचं कुणी होतं?

ते उठले. बाकाचं एक टोक ओढलं, मग दुसरं, आणि उजेड बाजूने येईल असा बाक फिरवून ठेवला. दम लागला, पण पुरती पाच मिनिटंही लागली नाहीत.