तीन नंबरचे हात

पडदा वर जातो. लांबट खोली. पाच टेबलं एका ओळीत, प्रत्येकावर धुऊन धुऊन पातळ झालेली पांढरी चादर. टेबलाच्या एका टोकाला गोल भोक. त्यात तोंड घालून पालथं पडायचं, म्हणजे मान अवघडत नाही. खाली दिसते ती फक्त फरशी. आपल्या अंगावर कोणाचे हात आहेत हे दिसत नाही, ते हातांवरूनच ओळखायचं. खिडकीतून सकाळचं ऊन आत आलंय, तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलीय, आणि डावीकडच्या विंगेतून यावी तशी ती येते. ठेंगणी, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेले. पहिल्या टेबलाशी उभी राहते.

तिला सगळे अंगठाबाई म्हणत. बावीस वर्षं मी तिच्या टेबलावर आडवी झाले. रंगमंचावर पडून-धडपडून मी माझ्या कमरेची जी दुर्दशा करून घेतली होती, ती तिने निस्तरली. तिचा अंगठा मणक्याच्या बाजूला एका जागी टेकायचा, थांबायचा आणि मग सावकाश आत शिरायचा. ओरडावं की झोपावं हे कळायचं नाही. मी कण्हले की म्हणायची, "बाई, इथे प्रेक्षक नाहीत. गप पडा."

हे मालिश-केंद्र एका म्हाताऱ्या गुरुजींनी काढलेलं. त्यांची विद्या जुनी, तीन-चार देश फिरून आलेली. अंगात शक्ती वाहते, तिच्या वाटा ठरलेल्या असतात, वाट तुंबली की दुखणं येतं. म्हणून कोणाला हात लावण्याआधी तिथल्या सगळ्यांनी रोज सकाळी अर्धा तास उभं राहायचं. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात पुढे गोल, जणू मोठा रांजण कवटाळलाय. श्वास बेंबीखाली. त्या व्यायामालाच तिथे 'रांजण' म्हणत. गुरुजी सांगत, शक्ती आपली नसते, आपण नुसती नळी. आणि नळी कधी थकते का? ज्याचा श्वास स्वच्छ त्याचा हात दुखत नाही, आणि ज्याचा हात दुखतो तो श्वासात चोरी करतो.

अंगठाबाईने हे अगदी हाडात मुरवून घेतलं होतं. एकदा एका नव्या मुलीचं मनगट सुजलं. ती डोळ्यांत पाणी घेऊन आली. अंगठाबाईने त्या मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रांजण धर."

"मावशी, हात वर होत नाहीये."

"श्वास चोरतेस म्हणून होत नाही. धर."

मुलगी पाऊण तास उभी राहिली आणि मग भिंतीला घसरत खाली आली. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही. मी विचारलं, तर अंगठाबाई म्हणाली, "बरं झालं. असले हात लोकांच्या अंगाला लावायचे म्हणजे खरकट्या वाटीतून पाणी पाजण्यासारखं." मला ते वाक्य फार आवडलं. चार ठिकाणी मी ते नक्कल करून ऐकवलं.

मग तिचे स्वतःचे अंगठे गेले.

हे मला पुष्कळ नंतर, तिच्या शेजारणीकडून कळलं. दोन्ही अंगठे बुडातून झिजले होते. डॉक्टरने फोटो काढून दाखवलं की हाड हाडावर घासतंय. काम थांबवा, म्हणाला. तिने तो फोटो कपड्यांच्या घडीखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्याऐवजी एक तास रांजण धरला. मग दीड तास. तिला जगात एकच गोष्ट हवी होती: पहिल्या टेबलाशी उभं राहता यावं. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, पुरे आता, माझ्याकडे ये." ही म्हणायची, "येऊन काय करू? तुझ्या सासूच्या चुका काढू? त्याला तू आहेस." हसून फोन ठेवायची आणि मग पदराची गाठ दातांनी सोडायची. अंगठे दुखतात असं म्हणणं म्हणजे केंद्रातल्या सगळ्यांसमोर आपण चोर आहोत असं कबूल करणं. त्यातल्या निम्म्या पोरींना तिनेच चोर म्हटलेलं.

मग तिने युक्ती काढली. ती कोपर वापरू लागली. कोपर, हाताचा पुढचा भाग, कधी गुडघासुद्धा. मी भोकात तोंड घालून म्हणायची, "आज काही वेगळंच चाललंय." ती म्हणायची, "नवीन पद्धत आहे, बाई." दीड वर्ष तिचा अंगठा माझ्या अंगाला लागला नाही आणि मला पत्ता नाही. मी आपली नव्या पद्धतीचं कौतुक करतेय.

गुरुजी गेल्यावर केंद्र त्यांच्या सुनेच्या हातात आलं. बाई हुशार, बोलायला गोड, नजर तराजू धरलेल्या दुकानदारासारखी. तिच्या लक्षात आलं असणार. पण पहिल्या टेबलावरून अंगठाबाईला उठवायची म्हणजे जुनी गिऱ्हाइकं बोंबलणार, त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. म्हणून तिने परीक्षा काढली. वर्षातून एकदा, सगळ्यांची. पाच टेबलांवरच्या पाच जणींनी एकाच माणसाचे तळपाय दाबायचे. फक्त अंगठ्यांनी. टेबलावरच्या माणसाला नाव कळणार नाही, फक्त नंबर. त्याने मोकळेपणी मत सांगायचं.

"आणि टेबलावर तुम्हीच हव्यात," सूनबाई मला म्हणाली. "तुमच्याइतकं स्पष्ट कोण बोलतं?"

मी विरघळले. कितीतरी वर्षांनी कोणी मला प्रमुख भूमिका देत होतं. अंगठाबाई तिथेच टॉवेलच्या घड्या घालत होती. सूनबाईने तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला नसेल उभं राहायचं तर राहू द्या. वय झालंय."

"उभी राहीन की," ती म्हणाली. नाही म्हणण्याची सोयच ठेवली नव्हती.

त्या सकाळी भिंतीलगत गिऱ्हाइकांसाठी बारा खुर्च्या मांडल्या होत्या आणि बाराही भरल्या होत्या. मी आत शिरले, मान डोलावली, टेबलावर पालथी झाले. एक नंबर आला. मी म्हटलं, "दमदार. थोडी घाई आहे, लग्नाला निघाल्यासारखी." खुर्च्या हसल्या. दोन नंबर आला. "हे हात छान आहेत, फक्त गार आहेत. कोणीतरी यांना चहाच्या कपाशी धरा." पुन्हा हशा. माझं अंग हलकं झालं. नटाला हशा एकदा मिळाला की तिसरा तो स्वतःच शोधायला निघतो.

मग तीन नंबर.

कोणीतरी माझी टाच हातात घेतली. अंगठे तळव्याच्या मध्यावर टेकले, थांबले. मी वाट पाहिली. काहीच झालं नाही. अंगठे थरथरले, थोडे घसरले, पुन्हा जागेवर आले. आज मला आठवतंय, टेबलाच्या पायथ्याशी कोणीतरी जोरात श्वास घेत होतं, अगदी बेंबीखालून.

"तीन नंबर," मी भोकातून खणखणीत आवाजात म्हटलं, "माझा पाय दाबताय की पायाची समजूत काढताय?"

पहिला हशा.

"माझ्या तळव्यावरून मांजर चालत गेलं असतं तरी याहून जास्त जोर लागला असता."

आता खुर्च्याच काय, पोरीसुद्धा हसत होत्या. हात अजून माझ्या टाचेवर होते. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला.

"अहो, पुरे. या हातांना आता घरी बसवा. यांनी लोकांची खूप सेवा केलेली दिसतेय, फार पूर्वी."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सूनबाईचा आवाज आला. "हे मी म्हणत नाहीये."

चार आणि पाच नंबरला मी काय म्हटलं ते आठवत नाही. संपल्यावर उताणी झाले, तर माझ्या पायाशी अंगठाबाई उभी. टॉवेल तिने दोन मनगटांच्या मध्ये धरला होता आणि माझ्या तळव्यांवरचं तेल पुसत होती, दोन्ही तळव्यांवरचं, नीट, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. "सावकाश उठा, बाई," ती म्हणाली. "एकदम उठलात की तुम्हाला गरगरतं."

मी सावकाश उठले आणि चपला शोधू लागले.

सूनबाईने तिला काढलं नाही. तेवढी दया तिने दाखवली नाही. ती म्हणाली, मावशींची शक्ती तुंबलीय, ती परत येईपर्यंत मावशी रोज सगळ्यांसमोर रांजण धरतील, म्हणजे नव्या पोरींनाही शिकायला मिळेल. अंगठाबाई अकरा दिवस खोलीच्या मधोमध उभी राहिली. पहिल्या टेबलाशी दोन नंबर उभी असायची. मी त्या दिवसांत गेले नाही. मला सर्दी झाली होती असं मी सगळ्यांना सांगितलं. बाराव्या दिवशी ती आली नाही, हे कळल्यावर माझी सर्दी बरी झाली.

दुपारी तिच्याकडे गेले. एकच खोली, दार नुसतं लोटलेलं. ती खाटेवर बसली होती, हात मांडीवर उताणे.

"अगं, एक खूण करायचीस," मी म्हटलं. "खोकायचंस. मी सांभाळून घेतलं असतं."

"परीक्षेत खोकायचं?" ती म्हणाली. "आणि मला वाटलं, बाईंना कळेलच. बावीस वर्षांचा पाय आहे."

"नाही गं कळलं."

"कळलं असतं तर खोटं बोलला असतात?"

"बोलले असते."

"मग नाही कळलं तेच ठीक. हात गेलेलेच होते, तुमचं काही चुकलं नाही." तिने हात पदराखाली घेतले. "ते मांजराचं तेवढं नको होतं, बाई. पोरी मला पाहून अजून म्याव करतात."

मला काहीतरी मोठं, उदार करावंसं वाटलं. मी म्हटलं, "तू माझ्या घरी येत जा. केंद्र गेलं खड्ड्यात. माझा पाय फक्त तूच दाबायचास." आणि चप्पल काढून पाय तिच्यापुढे केलासुद्धा. तिने त्या पायाकडे पाहिलं. मग दोन्ही तळहातांनी तो अलगद उचलून खाली ठेवला.

"झोपते आता जरा," ती म्हणाली.

मी उठले, दाराशी गेले. काहीतरी बोलायला वळले, तर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. त्यानंतर ती महिनाभर जगली, पण तिने माझ्याशी बोललेलं शेवटचं एवढंच:

"जाताना बाहेरून कडी घाला, बाई. आतली मला लावता येत नाही. शेजारीण येऊन काढते."