तीन ओळींची कादंबरी

लिहिणाऱ्यांच्या गटात कथा कमी आणि किस्सेच जास्त साचतात. आमच्या रत्नागिरीच्या गटात चौघांपैकी तिघांच्या कादंबऱ्या अर्धवट आहेत, किस्से मात्र सगळे पूर्ण! त्यातले निम्मे एकाच आठवड्यातले. पुण्याच्या एका प्रकाशकाने जाहीर केलं होतं, की कादंबरी तीन ओळींत सोशल मीडियावर टाका; संपादकबाईंनी पोस्टला लाल बदाम दिला तर हस्तलिखित पाठवा. पूर्ण झालेली कादंबरी माझी एकटीचीच, चार वर्षं खपून लिहिलेली. त्या आठवड्यात फोन वाजला की मी दचकायचे. तशी मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, पण ते वेगळं.

*

पाटणकर सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची पहिली ओळ आईवडिलांना वंदन, दुसरी कुलदैवताला. तिसरी, 'विषय प्रत्यक्ष वाचनातच उलगडेल.'

सर, विषयच तर सांगायचा असतो, असं मी चाचरत म्हटलं.

"अगो, फुकटात सांगितला तर विकत कोण घेईल?"

खाली माजी विद्यार्थ्यांची अभिनंदनं. दोघांनी तर वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

*

मंदार मिरजोळ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर. त्याने एआयकडून लिहून घेतलं: 'वादळ, वासना आणि विश्वासघाताची थरारक गाथा.' कादंबरी आहे दोन भावांच्या गडग्यावरून झालेल्या भांडणाची. दगडी कुंपण एक हात सरकलं, एवढंच.

यात वासना कुठे आहे, असं मी विचारलं.

"आता घालावी लागेल," तो गंभीरपणे म्हणाला.

*

रुबिनाच्या ओळी मात्र झकास. 'कुवेतहून नवऱ्याची पेटी आली. आत दुसऱ्याच बाईच्या मापाच्या चपला. तिने त्या घालून चालायला सुरुवात केली.'

तिचा नवरा खरोखरच कुवेतला. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातल्या दोन चाच्या सांत्वनाला हजर! चपला काल्पनिक आहेत, हे ती सांगून दमली. सासूने शांतपणे विचारलं,

"मग माप कसं माहीत?"

*

राहिले मी. बावीस खर्डे फाडून शेवटी टाकलं: 'नवरा बोटीवर असतो तेव्हा सुमती गाडी शिकते, मोठ्याने गाते, पलंगावर आडवी झोपते. तो सुट्टीवर आला की सगळं बंद. यंदा तो कायमचा येतोय.'

माझे बाबा बोटीवर इंजिनिअर. पुढच्या महिन्यात रिटायर होणार. बोटीवर रेंज नसते, या एका भरवशावर मी पोस्ट टाकली होती.

दहाव्या मिनिटाला त्यांची कमेंट आली. "छान. ही सुमती कोण?"

पोस्ट काढावी, तर बदामाची आशा गेली. ठेवावी, तर घर जातंय. मी फोन आईपुढे धरला. ती कोलंबी सोलत होती. तिने दोनदा वाचलं, हात धुतले, पदराला पुसले, स्वतःचा फोन घेतला आणि बाबांच्या खाली लिहिलं,

"घरी या. सांगते."

संध्याकाळी संपादकबाईंचा लाल बदाम आला. आईच्या कमेंटला.