बुनिम मावशींची किंकाळी

कोरियातल्या आमच्या इंचॉनच्या गल्लीत बुनिम मावशींना सगळे भूत म्हणूनच ओळखतात, आणि मावशींना त्याचा भारी अभिमान. ऐन विशीत त्यांनी ‘रिकामी वाटी’ या सिनेमात सासूने उपाशी मारलेल्या सुनेचं भूत केलं होतं. पांढरे कपडे, मोकळे केस, हातात वाटी. थिएटरात बायका किंचाळायच्या. त्या वर्षी कित्येक सुनांना दुसऱ्यांदा भात वाढला गेला, असं मावशी सांगतात. त्यांचं निम्मं सोडून द्यायचं, पण माझ्या आईला वाढला गेला होता हे खरं.

पुढे तोच सिनेमा पुन्हा काढला, तेव्हा सुना नोकरीला लागल्या होत्या. सासूला कोण भिणार? म्हणून आता भूत झालं परीक्षेत नापास झालेल्या मुलीचं, आणि मावशी झाल्या अभ्यास संपेपर्यंत भाताची वाटी पुढे न सरकवणारी आई. घरोघरच्या आया टरकल्या. मावशी मात्र रुसल्या.

“मी किंचाळायचं? अगं, मी लोकांना किंचाळायला लावणारी बाई.”

तिसऱ्यांदा काढायचं ठरलं आणि भुतासाठी बोलावणं आलं, तेव्हा त्या तडक माझ्या पार्लरमध्ये आल्या. केस सरळ करून दे म्हणाल्या. दिग्दर्शक पोरगी निघाली हुशार. ती म्हणाली, “केस कुरळेच राहू द्या, आजी. पांढरे कपडेही नकोत. तुमचं ते फुलाफुलांचं जाकीट घाला आणि घरी बसता तशा टीव्हीसमोर बसा.”

शूटिंगआधी रीतीप्रमाणे डुकराचं डोकं मांडलं, हसऱ्या तोंडाचं, निवडून आणलेलं. त्याच्या तोंडात नोट खोचून जो तो सिनेमा चालू दे म्हणत होता. मावशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “मला एक तरी किंकाळी मिळू दे.”

या वेळच्या गोष्टीत कुणी कुणाला मारत नाही. एक म्हातारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या मरते. वाटीतला भात वाळतो, रोज येणाऱ्या दह्याच्या बाटल्या दाराला लटकत राहतात, आणि कुणाला पत्ताच लागत नाही. पहिल्या खेळाला मी मावशींबरोबर गेले होते. कुणीही किंचाळलं नाही. दिवे लागले, लोक बाहेर आले आणि ज्याने त्याने आईला फोन लावला.

“पडला सिनेमा,” मावशी म्हणाल्या. “हे कसलं भूत? ही तर मीच.”

मग त्यांनी स्वतःचा फोन काढून पाहिला. मुलगा ग्युचॉल बुसानला असतो, त्याचा फोन सणासुदीला येतो. मावशींनी फोन पिशवीत टाकला. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात सिनेमा बुसानलाही लागला. त्यानंतर एका सकाळी मावशी माझ्याकडे डोक्याला रोलर लावून बसल्या होत्या. पार्लरच्या वरच त्यांचं घर; फोन तिथेच राहिला होता, आणि सकाळची दह्याची बाटलीही अजून दारालाच होती. एकाएकी वरून दारावर बुक्के ऐकू आले.

“आई! दार उघड! आई!”

ग्युचॉलचा आवाज. शेवटच्या हाकेला तर फाटलाच. मी जिन्याकडे धावले, तर मावशींनी माझा एप्रन धरला.

“थांब ना जरा.”

“अहो मावशी, जीव जाईल त्याचा.”

“अजून एकदाच ओरडू दे गं,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “मग जा आणि सांग, भूत खाली केस कुरळे करतंय म्हणून.”