आधी ऐका, मग छापतो

ज्याच्याविरुद्ध बातमी, त्यालाच ती आदल्या दिवशी फोनवर वाचून दाखवणारा संपादक मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या घोटावड्याच्या साप्ताहिकाचे आबा. पलीकडून शिव्यांची लाखोली सुरू झाली की आबा फोन कानापासून हातभर लांब धरून चहा संपवायचे आणि मग शांतपणे विचारायचे, "झालं का? आता ह्यात चुकीचं काय हाय, तेवढं सांगा." चूक निघाली तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. नाही निघाली तर काना-मात्रा न बदलता छापायचे.

मी लग्न होऊन लातूरहून आलेली. नवरा हिंजवडीला कंपनीत, मी आबांच्या हाताखाली उपसंपादक. मला या पद्धतीचं हसू यायचं. "आबा, आधी कळवून कुणी धाड घालतं का?"

"आपण पोलीस न्हाई, पोरी. माणसाबद्दल लिव्हायचं तर पयलं त्याच्या तोंडावर सांगावं."

एकदा शेजारच्या चांदे गावातून हौसाबाई आल्या. गावच्या गायरानाला एका पुढाऱ्यानं तारेचं कुंपण घातलं होतं. "शेरडं कुटं चारू आता? डांबरावर?" असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. आबा स्वतः कुंपण बघून आले, पहिल्या पानाची बातमी लिहिली आणि पुढाऱ्याला वाचून दाखवली. या खेपेला शिव्या आल्या नाहीत. "छापा की," म्हणून त्यानं फोन ठेवला. आबा खूश! मीही. कसली भोळी माणसं आम्ही.

दुसऱ्या दिवशी आबा पौडला गेलेले असताना साप्ताहिकाच्या मालकांचा मला फोन आला. "ती बातमी काढ. तिथं साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात लाव. आबांचं मी बघतो. पुढं संपादक तुलाच करायचंय." मी घाबरले आणि खरं सांगायचं तर मला हावही सुटली. आबांचा नंबर दोनदा काढला, लावला नाही. पान बदलून छापखान्यात पाठवून दिलं.

आबांनी अंक उघडला. गळ्यात हार घातलेला पुढारी हसत होता. आता माझी खरडपट्टी निघणार, असं वाटलं. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला. "काढायची व्हती तर काढायची," ते म्हणाले, "पर आधी मला एक फोन करायचास. मी ऐकून घेतलं असतं, पोरी."

तिथंच बसून त्यांनी राजीनामा लिहिला आणि मला वाचून दाखवला. "ह्यात चुकीचं काय हाय का?"

आबा गेल्या वर्षी वारले. अंकावर संपादक म्हणून आता माझं नाव असतं. मी मात्र आजवर कुणालाच फोन करून बातमी वाचून दाखवलेली नाही. कुणी शिव्या द्याव्यात असं आम्ही काही छापतच नाही.