मावशीचं एकच वाक्य

आमच्या मावशीच्या घरी फोन केला आणि तिनं उचलला, की पंचाईत ठरलेली. "माझा गुडघा सुजलाय, मी काही जिना चढणार नाही," असं ती ठणठणीत आवाजात सांगते. मग कळतं, गुडघा काकांचा आहे. ते मागे खुर्चीत बसून बोलतायत आणि मावशी नुसतं पोचवतेय. एकोणीस वर्षं दुभाषी म्हणून काढल्यावर दुसऱ्याचं बोलणं "तो म्हणाला" असं सांगणं तिला जमतच नाही. काकांनी तर हात टेकलेत.

मावशी ज्या न्यायालयात काम करते तिथे साधेसुधे चोर येत नाहीत. युद्धात गावंच्या गावं उजाड करणाऱ्यांवर तिथे खटले चालतात. न्यायाधीश एका देशाचे, वकील दुसऱ्याचे, साक्षीदार तिसऱ्याच मुलखातले. मधे काचेची खोली, आत मावशी, कानाला हेडफोन, पुढ्यात कोमट पाणी आणि घशाच्या गोळ्यांची डबी. साक्षीदार "मी" म्हणाला की हिनंही "मी"च म्हणायचं. तो रडला तरी हिनं रडायचं नाही, आणि स्वतःचा तर एक शब्दसुद्धा घालायचा नाही. पहिल्या वर्षी तिनं एका साक्षीदाराचं म्हणणं जरा उलगडून सांगितलं, तर लेखी समज मिळाली. ते पत्र तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून चिकटवलंय. साखर काढताना रोज दिसतं.

घरात तासभर श्वास न घेता बोलणारी ही बाई तिथे गप्प कशी बसते, याचं मला भारी कुतूहल. म्हणून गेल्या सुट्टीत हट्ट करून मी प्रेक्षकांच्या बाकावर हेडफोन लावून जाऊन बसले.

त्या दिवशीची साक्षीदार आमच्याच भाषेची निघाली. शाळेत स्वयंपाक करणारी म्हातारी, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. तिच्या शाळेत सैन्यानं गावातले पुरुष कोंडले होते, आणि त्यांना जेवू हीच घालायची. समोर बसलेल्या आरोपी अधिकाऱ्याचं म्हणणं, तिथून एकही माणूस हलवला नाही. म्हातारीचा मुलगा त्या कोंडलेल्यांत होता, आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. तेव्हा किती जण होते आणि किती उरले, एवढंच तिनं सांगायचं होतं.

"मंगळवारी किती माणसं होती?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"पुष्कळ."

"अंदाजे?"

"होती की. खोली भरलेली होती."

"दहा? पन्नास?"

"असं कसं सांगू, बाबा?"

बचावाच्या वकिलाला चेव आला. जिला आकडा सांगता येत नाही तिची साक्ष ऐकायची तरी कशाला, हे त्यानं तीन वेळा ऐकवलं. मुख्य न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. साक्ष आता बाद होणार, हे मला इतक्या लांबून कळलं आणि माझं डोकंच फिरलं. अहो, जिवंत माणसं आमच्यात मोजत नाहीत! मोजली की कमी होतात म्हणतात. माझी आजी पाच मुलींना घेऊन बाजारात जायची, पण डोकी कधी मोजली नाहीत. आणि या म्हातारीच्या लेखी तिचा मुलगा अजून जिवंतच होता. हे त्या झगेवाल्या शहाण्यांना सांगणार कोण?

काचेमागे मावशीनं तोंडातली गोळी कागदात काढून ठेवली आणि माइक दाबला.

"दुभाषीची एक विनंती आहे." स्वतःबद्दल बोलायचं झालं तर तिथे असं परक्यासारखंच बोलावं लागतं. "साक्षीदाराला माणसं विचारू नयेत. ताटल्या विचाराव्यात."

बचावाचा वकील ताडकन उठला. दुभाषी आता साक्षीदाराला पढवणार का, म्हणाला. म्हातारी बिचारी हेडफोनवर टिचक्या मारत होती. मावशी न्यायाधीशांशी बोलत होती, त्यामुळे कानात काही येईना; तिला वाटलं यंत्र बिघडलं.

"हे दुभाषीला कशावरून माहीत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"दुभाषीच्या आईनं मुली कधी मोजल्या नाहीत, ताटल्या मोजल्या." मावशी जरा अडखळली. "आम्ही पाच होतो."

एकोणीस वर्षांत त्या माइकवर तिचं स्वतःचं असं हे एवढंच वाक्य.

तिन्ही न्यायाधीशांची कुजबुज झाली. मग मुख्य बाई स्वतःच म्हातारीकडे वळल्या. "मंगळवारी किती ताटल्या धुतल्यात?"

"एकतीस." उत्तर तयारच होतं.

"आणि बुधवारी?"

"नऊ. मोजूनच ठेवायचे मी, नाहीतर मोठ्या बाई माझ्या नावानं शंख करायच्या. आणि टवका उडालेली ती आधीपासून तशीच होती हं, मी नाही पाडली. तेवढं लिहून घ्या."

मावशीनं तेही टवक्यासकट पोचवलं. बचावाचा वकील सोडून सगळे हसले. मग मधल्या बावीस जणांचा विचार एकेकाच्या मनात आला असावा, कारण हसू लगेच ओसरलं.

"त्या नऊमध्ये तुमच्या मुलाची ताटली होती?" सरकारी वकिलांनी हळूच विचारलं.

म्हातारीनं मान हलवली आणि बोलली. माझ्या कानात आवाज मावशीचा आला, सरळ, कोरडा: "नव्हती. माझ्या मुलाची ताटली निळ्या काठाची, मी घरून नेलेली. मंगळवारी धुतली ती तशीच आहे. पुसून ठेवलीय. तो आला की लागेल."

साक्ष नोंदवून घेतली गेली. मला मावशीचा इतका अभिमान वाटला की बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं. पण तिथे खोकायचीही चोरी.

संध्याकाळी घरी ती खुशीत होती. "दुसरं पत्र येणार बघ. येऊ दे, कपाटात जागा आहे." तेवढ्यात आईचा फोन आला.

"ताई, मी आज भर कोर्टात बोलले."

"कोण बोललं?" आईनं सवयीनं विचारलं.

"अगं, मी. मी स्वतः," मावशी म्हणाली, खदखदून हसली, आणि हसता हसता कोर्टात न रडलेलं सगळं रडायला लागली. फोन माझ्या हातात देऊन ती ओट्यापाशी तोंड फिरवून उभी राहिली.

काका सुजलेला गुडघा सांभाळत उठले. त्या दिवशी ताटल्या त्यांनी मांडल्या.